महिन्याची वर्गणी आणि हातातलं मत : अमेरिकेतली हंगेरियन मदतमंडळं

मोनोन्गहेलाकाठी

पिट्सबर्गला येऊन मला नऊ वर्षं झाली. शेजारच्या घरात एक आजी राहतात, नव्वदीला टेकलेल्या. वडील हंगेरीतून आले, कोळशाच्या खाणीत उतरले आणि तिथेच म्हातारे झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या माळ्यावरची खोकी उतरवून द्यायला गेलो, तर एका पत्र्याच्या डब्यातून छातीला लावायची फीत निघाली. एका बाजूने लाल-पांढरी-हिरवी, खाली सोनेरी झालर, वर मंडळाचं नाव. उलटी केली तर काळी कुळकुळीत, त्यावर रुपेरी अक्षरं. ही बाजू कशासाठी, म्हणून विचारलं. "मिरवणुकीला ती, मयताला ही," आजी म्हणाल्या. "एकीत भागत असताना दोन कशाला विकत घ्यायच्या?"

तेव्हापासून या मंडळांच्या मागे लागलोय. इथे कुणी यावर लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यातून पंधरा लाखांवर माणसं अमेरिकेत आली. त्यातले मग्यार (म्हणजे हंगेरियन) भाषा बोलणारे साधारण एक तृतीयांश. बाकी स्लोव्हाक, जर्मन, रुमानियन, रुसिन. बहुतेकांचा बेत एकच : चार-पाच वर्षं राबायचं, पैसा गाठीला बांधायचा आणि गावी जाऊन जमीन घ्यायची. कायमचं राहायला फारसं कुणी आलं नव्हतं. राहायची सोय म्हणजे 'बुर्दोश-हाझ'. एखाद्या कामगाराची बायको आठ-दहा-बारा पुरुष घरात ठेवून घेई, त्यांचं रांधे, कपडे धुई. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच खाटेवर रातपाळीचा आडवा. ज्यांच्या आजोबांनी गिरणगावात खोलीचे आणि खाणावळीचे दिवस काढलेत त्यांना हे चित्र नवं नाही.

आता असा एकटा माणूस खाणीत मेला तर? पेनसिल्व्हेनियात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला १९१५ साली. त्याआधी कोर्टात गेलं तर मालकाच्या वकिलाचं उत्तर ठरलेलं : धोका माहीत असून काम पत्करलंस, किंवा चूक तुझ्या सोबत्याची, मालकाची नव्हे. मागे गावी बायको-पोरं, इथे मढ्याला खांदा द्यायला खोलीतले चौघं, आणि पेटीचे पैसेही त्यांनीच टोपी फिरवून जमवायचे. अशा टोप्या दर आठवड्याला फिरायला लागल्या की माणूस शहाणा होतो. मेल्यावर गोळा करण्यापेक्षा आधीच थोडं थोडं ठेवू, असं कुणीतरी म्हणतं.

२१ फेब्रुवारी १८८६ रोजी हेझल्टन या पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावात १३ हंगेरियन खाणकामगारांनी मंडळ काढलं : व्हेर्होवाय मदतमंडळ. हंगेरीच्या संसदेतला एक सभासद आणि पत्रकार ज्युला व्हेर्होवाय, त्याचं नाव. दोन वर्षांनी कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला राकोत्सी मदतमंडळ निघालं, आणि मग गावोगाव पीकच आलं. काही धर्माच्या आधाराने, काही एकाच परगण्यातून आलेल्यांची, काही समाजवादी. १९५५ साली व्हेर्होवाय आणि राकोत्सी एक झाली. नव्या संस्थेला कुणाही हंगेरियनाचं नाव न देता पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाचं, विल्यम पेनचं दिलं. ती संस्था आजही चालू आहे.

मला खरा रस आहे तो यांच्या कारभारात. शाखा हा त्याचा पाया. शाखेला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस. सभा महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, चर्चच्या तळघरात नाहीतर मंडळाच्या स्वतःच्या हॉलमध्ये. आणखी एक पद होतं ज्याच्या मी प्रेमातच पडलो : 'बेतेग-लातोगातो', म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणारा. सभासद आजारी पडला की त्याला भत्ता चालू व्हायचा. हा माणूस घरी जाऊन बसायचा, चौकशी करायचा, मंडळाचा निरोप द्यायचा, आणि जाता जाता गडी खरोखर अंथरुणात आहे की गुत्त्यात, तेही बघून यायचा. माया आणि तपासणी एकाच फेरीत. दोन्ही कामं एकाच माणसाला द्यायचं ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

शाखा प्रतिनिधी निवडतात, प्रतिनिधी अधिवेशनाला जातात, आणि अधिवेशनाच्या वर कुणी नाही. अध्यक्ष, संचालक, नियमांतला बदल, सगळं तिथे. अमेरिकेतल्या राज्यांनी पुढे या पद्धतीला कायद्याचं रूप दिलं. साधारण सगळीकडचा मसुदा असा : सर्वोच्च सभा निदान चार वर्षांतून एकदा भरलीच पाहिजे, सभेत निवडून आलेले प्रतिनिधी बहुसंख्य हवेत, त्यांच्याकडे किमान दोन तृतीयांश मतं हवीत. आणि मुखत्यारपत्रावर मतदान नाही. म्हणजे "माझं मत तू टाक" हा प्रकारच बंद. स्वतः या, बसा, हात वर करा.

यातली गोम अशी की सभासदाच्या हातात विम्याचा जो कागद असतो त्यात संस्थेची घटना आणि नियमही आले असं कायदा धरतो. उद्या अधिवेशनाने नियम बदलला तर तो जुन्या सभासदालाही लागू. त्याहून पुढचं : गंगाजळीत खड्डा पडला तर संस्था सभासदांना म्हणू शकते, तुमच्या तुमच्या वाट्याची तूट भरा. साध्या विमा कंपनीचा ग्राहक असं कधी ऐकून घेईल का?

माझं म्हणणं एवढंच. या लोकांची लोकशाही भाषणांवर नाही टिकली, ती 'तागदीय'वर टिकली, म्हणजे मासिक वर्गणीवर. वर्गणी सभेत हातोहात भरायची. भरली नाही तर आजारपणाचा भत्ता बंद, मयताची रक्कम गेली. त्यामुळे माणूस दर महिन्याला येणारच, आणि आलाच आहे तर हिशेब ऐकणार, कुरकुर करणार, मत देणार. पुढे वर्गणी टपालाने आणि मग बँकेतून परस्पर जायला लागली आणि सभा ओस पडल्या. आजींच्या शाखेत चिटणीस म्हणून त्यांनी तेवीस वर्षं काढली. त्या म्हणतात, "चेक यायला लागले त्या वर्षापासून मला खुर्च्या कमी मांडाव्या लागल्या."

---

वाटसरू

मस्त विषय. वाचतोय. फितीचा फोटो टाका की!

---

मोनोन्गहेलाकाठी

@वाटसरू, आजींना विचारलं. "काळी बाजू टाकू नकोस" म्हणाल्या. मग दोन्ही नको असं ठरलं.

---

हिशेबनीस

विमागणितात आयुष्य गेलं, म्हणून जरा खडूसपणे लिहितो. लेखात पैशाची बाजू फार गोड झाली आहे.

ही पद्धत हंगेरियन लोकांनी शोधलेली नाही. १८६८ साली पेनसिल्व्हेनियातल्याच मीडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च नावाच्या रेल्वे कारखान्यातल्या माणसाने कामगारांचं एक मंडळ काढलं. त्यात पुढे नियम आला : सभासद मेला की प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा. तरुणाने एक, म्हाताऱ्यानेही एक. ऐकायला किती समतेचं वाटतं! आणि दहा-पंधरा वर्षं ते चालतंही.

समजा शंभर सभासद, सगळे पंचविशीतले. वर्षाला एखादा मयत. प्रत्येकाला वर्षाचा एक डॉलर पडतो, खुशीत देतात. आता तीस वर्षं जाऊ द्या. नवी भरती नसेल तर उरलेले सगळे आता पंचावन्नचे, त्यात फुफ्फुसात कोळसा भरलेले. मयतं वर्षाला तीन-चार. हप्ता तिप्पट-चौपट. मग एखादा तरुण चौकशीला येतो, हिशेब बघतो आणि शेजारच्या नव्या मंडळात जातो, तिथे सगळे त्याच्याच वयाचे असतात. इकडचं सरासरी वय आणखी वाढतं, हप्ता आणखी वाढतो, धडधाकट माणूस बाहेर पडतो आणि खोकणारा मात्र चिकटून राहतो. शेवटी पेटी रिकामी, आणि सर्वांत जास्त वर्षं भरलेला माणूस हात हलवत घरी. अमेरिकेत अशी मंडळं ढिगाने बुडाली.

यातून वाट काढायला १८९८ च्या सुमारास या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःचा मृत्युदर-तक्ता केला : वयाप्रमाणे हप्ता घ्या आणि म्हातारपणासाठी आजच राखीव ठेवा. १९१० आणि १९१२ च्या आदर्श कायद्यांनी (राज्यांनी उचलावेत म्हणून केलेल्या मसुद्यांनी) तेच मंडळांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला.

आता गंमत बघा. ज्या लोकशाहीचं तुम्ही कौतुक करताय तीच इथे आडवी येत होती. पन्नाशीच्या सभासदाला सांगायचं की तुझा हप्ता दुप्पट, आणि त्यावर त्याच्याकडूनच हात वर करून घ्यायचा! अधिवेशनं मोडली, मंडळं फुटली. जी टिकली ती कडू गोळी वेळेवर गिळणारी.

---

मोनोन्गहेलाकाठी

@हिशेबनीस, मान्य. पण एक विचारतो. हीच कडू गोळी कंपनीने वरून लादली असती तर लोक परस्पर निघूनच गेले असते ना? इथे भांडून का होईना, पण काहींनी ती गिळली. ज्याने भर सभेत हात वर केलाय त्याला दुसऱ्या दिवशी "मला विचारलंच नाही" म्हणता येत नाही.

---

हिशेबनीस

गिळणारेच मागे उरले म्हणून आपल्याला दिसतात. बुडालेल्यांची इतिवृत्तं कुणाच्या माळ्यावर सापडतात?

---

रोखठोक

माफ करा, पण आजच्या तारखेला ही सगळी विमा कंपनीच आहे, सोबत थोडा लोकनृत्याचा कार्यक्रम. करमाफी मिळते म्हणून मंडळाची पाटी लावलेली.

---

मोनोन्गहेलाकाठी

@रोखठोक, करमाफी आहे हे खरं, पण ती पाटीला मिळत नाही. अमेरिकेच्या करकायद्यात अशा संस्थांना वेगळं कलम आहे आणि त्यात अट आहे की शाखांची पद्धत प्रत्यक्ष चालू हवी. शाखा नुसत्या कागदावर असून भागत नाही. म्हणजे ज्या दिवशी शाखा मरतील त्या दिवशी करमाफीही धोक्यात. आजींच्या शाखेला मुख्य कचेरीतून सारखं "काहीतरी कार्यक्रम घ्या" असं पत्र का येतं ते मला त्यावरून कळलं.

आणि नृत्याचं म्हणाल तर ते सोबतचं नाही. पैसा उभा करायचं तेच साधन होतं. द्राक्षाच्या सुगीचा नाच ऐकलाय का, 'स्यूरेती बाल'? हॉलच्या छताखाली दोऱ्या बांधून द्राक्षांचे घड लटकवतात. खाली जोडपी नाचतात. नाचता नाचता घड चोरायचा, आणि राखणदार झालेल्या पोरांनी चोराला पकडून खोट्या न्यायाधीशासमोर उभं करायचं. न्यायाधीश दंड ठोकणार, दंड मंडळाच्या पेटीत. लोक मुद्दाम पकडले जातात. देणगीचं पाकीट फिरवण्यापेक्षा हे बरं, निदान देणारा हसत देतो.

---

काकूंचा डबा

लेख आवडला, पण सगळे पुरुषच कसे हो? तेरा खाणकामगार, अध्यक्ष, खजिनदार, आजाऱ्याला भेटणारा. आणि ती दहा-बारा जणांचं रांधणारी बाई? ती एका परिच्छेदात आली आणि गेली. भल्या पहाटे उठून डबे भरायचे, खाणीतून आलेल्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, काळे कपडे घासायचे. घरात नवऱ्याच्या मजुरीइतकीच तिची कमाई येत असेल. तिला आजारपणाचा भत्ता होता का?

---

मोनोन्गहेलाकाठी

@काकूंचा डबा, कान पकडले. सुरुवातीची मंडळं कमावत्या पुरुषाच्या जिवावर बेतलेली होती. बाईला रक्कम मिळे ती विधवा म्हणून. स्त्रियांना स्वतःच्या नावाने सभासद होणं, स्त्रियांची वेगळी मंडळं, मुलांसाठी वेगळा विभाग, हे नंतरचं. 'बुर्दोश-ऑसोन्य', म्हणजे ती घरधनीण, तिचं काम कुठल्याच हिशेबात नाही.

पण पुढे गाडा ओढला तो बायकांनीच. विशेषतः चर्चला जोडलेल्या मंडळांत. एक उदाहरण देतो. हंगेरियन रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १८९६ साली स्वतःचा महासंघ काढला. १९०७ मध्ये त्याला थेट अमेरिकन संसदेकडून सनद मिळाली. त्यांनी १९२१ साली पेनसिल्व्हेनियात लिगोनिअरला अनाथाश्रम उघडला, ट्रान्सिल्व्हेनियाच्या बेथलेन राजाच्या नावाने. खाणीत बाप गेलेली पोरं तिथे वाढली. कालांतराने अनाथ कमी झाले, म्हातारे वाढले, आणि जागा वृद्धांकडे वळली. विम्याची रक्कम बापाच्या मयताला पुरते. त्याच्या पोराला पुढची दहा वर्षं कोण बघणार, हा प्रश्न रकमेने सुटत नाही.

असे आश्रम आणि चर्चं चालवायला पैसा कुठून? तळघरातल्या स्वयंपाकघरातून. बायका जमून सॉसेज भरायच्या, अक्रोडाच्या गुंडाळ्या भाजायच्या, 'चिगा' वळायच्या. चिगा म्हणजे गोगलगाय, त्या आकाराच्या बारीक शेवया. हे अजूनही चालू आहे.

---

क्लीव्हलंडची सून

मी क्लीव्हलंडला असते. इथली बकाय रोड एकेकाळी हंगेरियनांची राजधानी होती, दुकानाच्या पाट्यासुद्धा हंगेरियनमध्ये. 'सॉबॉत्शाग' (म्हणजे स्वातंत्र्य) हे त्यांचं वर्तमानपत्र १८९१ मध्ये इथेच निघालं. १९०२ मध्ये हंगेरीच्या १८४८ च्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता कोशुथ याचा पुतळा बसवला, तो अजून उभा आहे. अमेरिकेतल्या हंगेरियन संघटनांना एका छत्राखाली आणणारा महासंघही १९०६ साली इथलाच.

मला भाषेबद्दल विचारायचंय. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी हाच वाद : निवेदन मराठीत की इंग्रजीत, मुलांना काही कळत नाही, मग ती येत नाहीत. यांनी तो कसा सोडवला?

---

मोनोन्गहेलाकाठी

सोडवला असं म्हणवत नाही. परिस्थितीने सोडवला.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानॉन तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. परत जायचं म्हणून पैसे साठवणाऱ्या कितीतरी जणांचं गाव दुसऱ्याच देशात गेलं. मग १९२४ च्या अमेरिकन कायद्याने हंगेरीतून येणाऱ्यांचा वर्षाचा कोटा ठरवला ४७३. हजारो नव्हे, चारशे त्र्याहत्तर. @हिशेबनीस यांचं गणित इथे लावा : भरतीचा नळच बंद. आता नवा सभासद मिळणार तो फक्त इथे जन्मलेल्या पोरांतून, आणि ती पोरं बेसबॉल खेळत होती.

मग मंडळांनी बेसबॉलचा संघ काढला, बोलिंगच्या स्पर्धा भरवल्या, मासिकात इंग्रजी पानं आली. म्हाताऱ्यांनी बोटं मोडली. इतिवृत्त हंगेरियनमधून इंग्रजीत जाताना घरोघर भांडणं झाली असणार. आजींच्या शाखेच्या वहीत मी ते पाहिलं. एका पानावर हंगेरियन, मधे काही वर्षं दोन्ही, आणि मग नुसती इंग्रजी. पण 'उपस्थितांचे आभार' एवढी ओळ शेवटपर्यंत हंगेरियनच.

सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या १९५६ च्या उठावानंतर सुमारे दोन लाख लोक हंगेरीतून पळाले. त्यातले तीस हजारांवर अमेरिकेत आले, बरेचसे न्यू जर्सीच्या कॅम्प किल्मर छावणीतून. जुन्या मंडळींनी कपडे, नोकऱ्या, खोल्या दिल्या. पण हे आलेले इंजिनिअर, विद्यार्थी, शहरी. त्यांना यांची जुनाट गावठी हंगेरियन ऐकून हसू यायचं. "आम्ही त्यांना कोट दिला आणि त्यांनी आमचं व्याकरण सुधारलं," इति आजी.

---

क्लीव्हलंडची सून

हे वाक्य आमच्या मंडळाच्या भिंतीवर लावते. हल्ली नवीन येणारी पुण्याची पोरं… असो.

---

भोंगा

एक बाजू राहिली. मंडळाचा स्वतःचा कारभार ही एक गोष्ट, पण वर सरकार बसलंय.

हेझल्टनचं नाव आलं म्हणून. त्याच गावाजवळ लॅटिमरला १० सप्टेंबर १८९७ रोजी शेरीफच्या माणसांनी निःशस्त्र खाणकामगारांच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या. १९ मेले, बहुतेक पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. खटल्यात शेरीफ आणि त्याची माणसं निर्दोष सुटली. पूर्व युरोपातल्या सगळ्यांना तेव्हा एकच शिवी होती, 'हंकी', आणि ती हंगेरियनवरूनच पडलेली. मदतमंडळ म्हणजे अशा मुलखात पाय रोवायची जागा होती. नुसतं पेटीच्या खर्चाचं प्रकरण नव्हतं ते.

दुसरं. १९३० मध्ये निघालेली 'इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर' म्हणून एक डावी विमा-संघटना होती, भाषावार विभागांची, त्यात हंगेरियन विभागही होता. काळे सभासद, गोरे सभासद, सगळ्यांना एकाच दराने विमा. भरभराटीच्या काळात दोन लाखांच्या जवळपास सभासद. पेटी भक्कम होती. तरी न्यूयॉर्क राज्याच्या विमा खात्याने कोर्टात जाऊन १९५४ पर्यंत ती विसर्जित करून घेतली. कारण आर्थिक नव्हतं. कम्युनिस्ट म्हणून. म्हणजे दोन तृतीयांश मतं प्रतिनिधींच्या हातात असून काय उपयोग? एका खात्याने टाळं लावलं.

---

रोखठोक

@भोंगा, त्या संघटनेचे पक्षाशी संबंध होतेच की. आणि सभासदांचे पैसे बुडाले का? विमे दुसऱ्या कंपनीकडे गेले ना?

---

भोंगा

पैसे नाही बुडाले. माझं म्हणणं तेच आहे. पैसे वाचले आणि मंडळ गेलं. तुमच्या हिशेबाने ती नुसती विमा कंपनी असती तर काहीच गेलं नाही असं म्हणावं लागेल.

---

उगाच

ज्युला व्हेर्होवायबद्दल थोडं. हा गृहस्थ १८८२-८३ च्या तिसाएस्लार खटल्याच्या काळात (हंगेरीत यहुद्यांवर एका ख्रिस्ती मुलीच्या खुनाचा खोटा आरोप झाला तो खटला) यहुदीद्वेष पसरवणाऱ्यांच्या बाजूने होता. तेरा खाणकामगारांना तो स्वातंत्र्यवादी, गरिबांची बाजू घेणारा म्हणून माहीत असणार. नावं देताना जरा थांबावं एवढंच. विल्यम पेन बरा.

---

मोनोन्गहेलाकाठी

@उगाच, हे लेखातच यायला हवं होतं, भर घातल्याबद्दल आभार.

@भोंगा, तुम्ही १८९७ काढलंत म्हणून आणखी एक तारीख. १९ डिसेंबर १९०७, डार खाण, पिट्सबर्गच्या दक्षिणेला. स्फोटात २३९ गेले, त्यात बरेच हंगेरियन. ओळख न पटलेले ७१ ऑलिव्ह ब्रांच दफनभूमीत एकाच खड्ड्यात. त्या दिवशी जुन्या पंचांगाने संत निकोलसचा सण होता. ग्रीक कॅथलिक कामगारांपैकी बरेच चर्चला गेले म्हणून वाचले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगा खाणीत ३६२ गेले होते. एका महिन्यात एवढी मयतं आल्यावर डॉलर-डॉलर जमवणाऱ्या शाखांचं काय झालं असेल, @हिशेबनीस?

---

हिशेबनीस

ज्या शाखेचे सगळे सभासद एकाच खाणीत, ती एका सकाळीत संपते. भरणारे आणि मरणारे एकच. म्हणून तर शंभर गावांच्या शंभर शाखा एका पेटीत घालाव्या लागतात, आणि पेटी एक झाली की अधिवेशन लागतं, प्रतिनिधी लागतात. हेझल्टनच्या माणसाने ब्रिजपोर्टच्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? तुमच्या लोकशाहीचं मूळ मला इथे दिसतं. वर्गणी हातोहात भरण्यात तेवढं नाही.

---

मोनोन्गहेलाकाठी

हे मला सुचलं नव्हतं. लेख पुन्हा लिहायला हवा.

---

वाटसरू

आता सभेला कोण येतं? तुम्ही गेलात का कधी?

---

मोनोन्गहेलाकाठी

गेलो, मार्चमध्ये. आजींना गाडीने सोडायचं होतं, बर्फ होता. चर्चचं तळघर, लांब टेबल, कॉफीचं भांडं. गणसंख्या पुरी व्हायला एक जण कमी पडत होता, म्हणून अर्धा तास वाट पाहिली. एका बाईंनी फोन लावून सांगितलं की माझं मत 'हो' समजा. अध्यक्षांनी शांतपणे उत्तर दिलं, "फोनला हात नसतो." शेवटी एक आजोबा मुलाचा हात धरून जिना उतरले आणि सभा सुरू झाली. विषय तीन : दोन मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवणं, उन्हाळ्यातल्या सहलीला डुकराची चरबी किती आणायची (ती काठीला लावून विस्तवावर धरतात आणि गळणारं तूप पावावर घेतात), आणि अधिवेशनाला प्रतिनिधी कोण. पहिले दोन पाच मिनिटांत झाले. तिसऱ्यावर चाळीस मिनिटं. दोनच उमेदवार, दोघंही ऐंशीच्या पुढचे, आणि दोघांनाही जायचं होतं.

मला सभासद व्हायला सांगतायत. हंगेरियन असण्याची अट आता नाही. विमा घ्यावा लागेल. बायको म्हणते आधी कागद @हिशेबनीस यांना दाखवा.

---

हिशेबनीस

दाखवा. तुटीचं कलम कुठल्या पानावर आहे ते आधी बघा.

---

काकूंचा डबा

विम्याचं तुम्ही बघा. मला त्या चिगाबद्दल सांगा. पाट कसला असतो? आमच्याकडे गव्हले, मालत्या, नखुले, शंखे करतात, लग्नाच्या रुखवतात ठेवायला. शंख म्हणजे तुमची गोगलगायच झाली की.

---

मोनोन्गहेलाकाठी

आजींना आत्ताच विचारून आलो. पाट छोटा, हातभरही नाही, त्यावर आडव्या बारीक खाचा. पिठाचा चौकोनी तुकडा खाचांवर ठेवायचा, कोपऱ्यावर बारीक काडी धरून एका झटक्यात गुंडाळायचा. खाचांचे वळ उठतात म्हणून शंखासारखं दिसतं. आणि हो, त्यांच्याकडेही लग्नाच्या सूपातच घालायची पद्धत. नवरीकडच्या बायका आदल्या आठवड्यात जमून वळायच्या.

तुमच्याकडच्या शंखांना पाट लागतो का, असं त्यांनी विचारलंय.

---

काकूंचा डबा

नाही, नुसती बोटं. फार तर कंगव्याच्या दात्यांवर दाबतात, नवा कंगवा हं. पीठ दुधात भिजवायचं. फोटो पाठवते, तो त्यांना दाखवा.